शेवटच्या घरात तरी लपावं लागू नये

केअर होममध्ये दाखल व्हायचा दिवस होता. माझ्या जुन्या ओळखीच्या एका गृहस्थांसोबत मी गेले होते. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. नाव, वय, रक्तगट, चालू औषधं. मग आला ‘जवळची व्यक्ती’ हा रकाना आणि त्याच्या शेजारी ‘नातं’. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि हळूच म्हणाले, “मित्र लिही.”

तो ‘मित्र’ बाहेरच्या बाकावर, मांडीवर औषधांची पिशवी धरून बसला होता. अडतीस वर्षं दोघं एका छपराखाली राहिले होते. तरुणपणी हा शब्द त्यांनी ढालीसारखा वापरला होता. चाळिशीत तो टाकून दिला आणि भावंडांना, शेजाऱ्यांना, कचेरीतल्या सहकाऱ्यांना खरं काय ते सांगितलं. त्याची किंमतही मोजली. आणि आता पंचाहत्तरी उलटल्यावर तीच ढाल पुन्हा उचलली. त्यांना कुणी धमकावलं नव्हतं, काउंटरवरची बाई तर आदबीनं बोलत होती. पण उद्यापासून आपल्याला आंघोळ कोण घालणार, हे त्यांना माहीत नव्हतं.

एलजीबीटी (लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर) ज्येष्ठांसाठी, आणि त्यांच्यासोबत राहू इच्छिणाऱ्या पाठीराख्यांसाठी, सर्वसमावेशक निवासी वसाहती हव्यात, आणि त्या सार्वजनिक पैशाच्या आधारानं उभ्या राहाव्यात, असं माझं ठाम मत आहे. हे बोललं की समोरून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो: म्हातारपण सगळ्यांना सारखंच येतं, मग वेगळं घर कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे. पण सगळ्यांचं म्हातारपण सारखं असतं हे त्यातलं गृहीतकच चुकीचं आहे.

आज ऐंशीच्या आसपास असलेल्या माणसाचं आयुष्य डोळ्यांसमोर आणा. इंग्लंड आणि वेल्समध्ये दोन प्रौढ पुरुषांमधले खासगी संबंध १९६७पर्यंत गुन्हा होते, म्हणजे हा माणूस तेव्हा विशीत होता. पश्चिम जर्मनीत १९४९ ते १९६९ या काळात पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम १७५खाली सुमारे ५०,००० पुरुषांना शिक्षा झाल्या, आणि ते कलम कायद्याच्या पुस्तकातून पुरतं गेलं १९९४ साली. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली १९७३मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९०मध्ये. तेव्हा या माणसानं पंचेचाळिशी गाठली होती. त्याच्या आयुष्यातली उमेदीची वर्षं पोलीस, डॉक्टर आणि घरमालक या तिघांपासून लपण्यात गेली. आता उतारवयात त्यानं त्याच तिघांच्या हाती स्वतःला सोपवावं, अशी आपली अपेक्षा असते: घर संस्थेचं, औषधं डॉक्टरांची आणि दाराची चावी दुसऱ्याकडे. त्याला वाटणाऱ्या भीतीला मनाचा खेळ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

या पिढीवर आणखी एक घाव आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. एड्सची साथ आली तेव्हा ही माणसं तिशी-चाळिशीत होती. परिणामकारक संयुक्त औषधोपचार १९९६च्या सुमारास आले. तोवरच्या पंधरा वर्षांत कित्येकांचं सगळं मित्रमंडळ संपलं होतं. म्हातारपणी ज्यांनी एकमेकांची चौकशी करायची, एकमेकांना दवाखान्यात न्यायचं, ते लोक चाळिशीतच गेले. जे एचआयव्हीसह जगले, त्यातल्या अनेकांनी पैसे साठवलेच नव्हते, कारण साठी पाहायला मिळेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. शिवाय या पिढीत मुलंबाळं असणारे कमी, एकटे राहणारे जास्त. रक्ताच्या नात्यांनी अनेकांना फार पूर्वीच दार बंद केलेलं. उरतं ते जोडलेलं कुटुंब: जोडीदार, पूर्वीचा जोडीदार, एखादी मैत्रीण, तिची मुलगी. पण ही माणसं कुठल्याच फॉर्मच्या रकान्यात बसत नाहीत, आणि बहुतेक वेळा ती एकमेकांच्याच वयाची असतात. सगळी एकदमच म्हातारी होतात.

प्रत्यक्षात त्यांना वाईट वागणूक मिळते का? मिळते. २०१४ साली अमेरिकेतल्या ‘इक्वल राइट्स सेंटर’नं दहा राज्यांतल्या ज्येष्ठ निवासांमध्ये २०० चाचण्या घेतल्या. प्रत्येक ठिकाणी दोन जणांनी चौकशी केली. परिस्थिती जवळपास सारखी, फरक एवढाच की एकाचा जोडीदार भिन्नलिंगी आणि दुसऱ्याचा समलिंगी. २००पैकी ९६ वेळा, म्हणजे ४८ टक्के वेळा, समलिंगी जोडप्याच्या वतीनं विचारणाऱ्याला कमी पर्याय, जास्त खर्च किंवा जाचक अटी सांगितल्या गेल्या. फोनवर कुणी शिवी दिली नाही. फक्त ‘सध्या जागा नाही’ असं सांगितलं. असा भेदभाव सिद्ध करणं सगळ्यांत कठीण, कारण ज्याच्याशी तो होतो त्यालाही तो कळत नाही.

कधी मात्र तो उघड असतो. मिसुरी राज्यात २०१६मध्ये एका विवाहित स्त्री-जोडप्याला एका निवासी संकुलानं प्रवेश नाकारला. कारण लेखी दिलं: आमच्या धोरणात विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. दोघी जवळजवळ चाळीस वर्षं एकत्र होत्या. खटला २०२०च्या अखेरीस तडजोडीनं मिटला. इलिनॉयमधल्या एका स्त्रीची गोष्ट मला याहून जास्त अस्वस्थ करते. तीस वर्षांची जोडीदारीण गेल्यानंतर ती एका निवासात राहायला आली आणि आपण लेस्बियन आहोत हे तिनं लपवलं नाही. छळ केला तो सोबतच्या रहिवाशांनी: शिवीगाळ केली, थुंकले, चालायला त्रास होणाऱ्यांसाठीच्या तिच्या स्कूटरला धडका दिल्या. तिनं व्यवस्थापनाकडे तक्रार केली, तर तिच्याच सोयी कमी करण्यात आल्या. २०१८मध्ये अपील न्यायालयानं निकाल दिला की रहिवाशांकडून होणारा छळ माहीत असून हातावर हात ठेवून बसणारा घरमालकही जबाबदार धरला जाऊ शकतो. निकाल मोलाचा आहेच. पण सत्तरी गाठलेल्या बाईला जेवणघरात निर्धास्त बसता यावं म्हणून अपील न्यायालयापर्यंत जावं लागलं.

म्हणून वेगळं घर. पण छळापासून संरक्षण हे त्याचं एकच कारण आहे, आणि माझ्या मते मोठं कारणही नाही.

मोठं कारण म्हणजे स्पष्टीकरण देण्याचा थकवा. कम आउट होणं, म्हणजे आपली ओळख उघड करणं, ही एकदा करून संपणारी गोष्ट नसते. नवा शेजारी, नवा डॉक्टर, नवी केअरटेकर, प्रत्येक वेळी पुन्हा अंदाज घ्यायचा: सांगू का, किती सांगू, काय होईल? तरुणपणी त्याला ताकद पुरते. केअर होममध्ये दिवसाला तीन पाळ्या असतात आणि माणसं सतत बदलतात. भिंतीवरचा फोटो कुणाचा, हे किती जणांना सांगायचं? अनेक जण मग घरी मदतनीस येण्याआधी फोटो उचलून कपाटात ठेवतात, पुस्तकं उलटी लावतात, दोन उशांपैकी एक काढून घेतात. दुसरी उशी लपवणाऱ्या माणसाची काळजी घेतली जातेय, असं मला म्हणवत नाही.

मराठीत तर हे लपवणं आणखी जिकिरीचं. आपलं क्रियापदच चुगली करतं. ‘काल आला’ म्हटलं की तो, ‘काल आली’ म्हटलं की ती. जोडीदाराबद्दल भूतकाळातलं एक वाक्य बोलायचं तरी जिभेला लगाम लागतो, मग ‘घरी विचारलं’, ‘घरून फोन होता’ अशी पळवाट काढायची. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीला तर स्वतःबद्दल बोलतानाच प्रत्येक वाक्यात स्वतःला सिद्ध करावं लागतं: मी गेलो, की मी गेले?

आता यात स्मृतिभ्रंश मिसळा. लपवणं हे मुळात स्मरणशक्तीचं काम आहे. कुणाला काय सांगितलंय, कुणासमोर कोणतं नाव घ्यायचं नाही, हे सगळं ध्यानात ठेवावं लागतं. डिमेन्शियात हा पहारेकरीच आधी निघून जातो. साठ वर्षं जपलेलं गुपित दुपारच्या चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सहज बाहेर पडतं. एखादा म्हातारा शेजारच्या माणसाचा हात हातात घेतो, कारण त्याला तो आपलाच माणूस वाटतो. सामान्य केअर होममध्ये अशा वेळी काय होईल याचा भरवसा नाही. कुणी हसेल, कुणी खेकसेल, कुणी अहवालात ‘अनुचित वर्तन’ असं लिहील. ज्याला जाब समजतच नाही त्याला जाब विचारला जाईल. उलटही घडतं. काहींच्या मनात जुना काळ इतका जिवंत होतो की त्यांना पुन्हा पोलिसांची भीती वाटू लागते. तरुणपणीच स्वतःची ओळख बदललेली पारलिंगी स्त्री एखाद्या सकाळी जुन्या नावाला ओ देते, आणि संध्याकाळी त्याच नावानं घाबरून रडते. इथे चांगली केअरटेकर काय करते? वाद घालत नाही, आठवण करून देत नाही, दुरुस्तीही करत नाही. त्या वेळी ती व्यक्ती ज्या नावानं जगतेय त्या नावानं हाक मारते आणि तिला हवे ते कपडे काढून देते. हे शिकवावं लागतं, आपोआप येत नाही. त्यासाठी जिभेवरून काहीही निसटलं तरी धोका नाही, अशी जागा लागते.

आता प्रश्न पाठीराख्यांचा. अशा वसाहतीत भिन्नलिंगी माणसांनी का राहावं, आणि त्यांना का राहू द्यावं? सुरुवातीला मला स्वतःलाच हे पटत नव्हतं. इतक्या कष्टानं एक जागा मिळवायची आणि तिथेही बहुसंख्याकांना खोली द्यायची? बर्लिनच्या ‘लेबेन्सऑर्ट फीलफाल्ट’बद्दल वाचलं आणि माझं मत बदललं. २०१२मध्ये सुरू झालेल्या या घराच्या नावाचा अर्थच विविधतेची राहण्याची जागा असा आहे. तिथलं प्रमाण आधी ठरवलेलं: साधारण ६० टक्के पंचावन्न वर्षांवरचे समलिंगी पुरुष, २० टक्के स्त्रिया आणि २० टक्के तरुण समलिंगी पुरुष. त्याच इमारतीत, शुश्रूषेची गरज असलेल्या आणि डिमेन्शिया झालेल्या आठ जणांसाठी एक सामायिक घर. म्हणजे तरुणाला म्हातारपण दिसतं, म्हाताऱ्याला तारुण्य दिसतं आणि बायका शेजारी असतात. पण घराची बोलीभाषा मात्र ज्यांच्यासाठी ते बांधलं त्यांचीच राहते.

हे प्रमाणच कळीचं आहे. ‘सर्वांचं स्वागत आहे’ अशी पाटी लावणं आणि ‘इथे तुम्ही अपवाद नाही’ ही खात्री देणं, यात फार अंतर आहे. शंभर रहिवाशांत दोन समलिंगी असतील तर ते कितीही स्वागतार्ह असले तरी पाहुणेच. साठ असतील तर उरलेले चाळीस खरे पाठीराखे बनतात, कारण इथे जुळवून घ्यायचं ते त्यांनी. आणि हे चाळीस कोण असतात? एड्समध्ये गेलेल्या मुलाची आई. भावाच्या जोडीदाराला अखेरपर्यंत सांभाळणारी बहीण. समलिंगी मित्रांबरोबरच आयुष्य रमलेली, कधी लग्न न केलेली बाई. अशांना ‘तुम्ही आमच्यातले नाही’ म्हणून दाराबाहेर ठेवणं म्हणजे जोडलेलं कुटुंब आपल्याच हातांनी तोडणं.

कायद्याची बाजूही आहे. अमेरिकेत सरकारी मदतीवर उभ्या राहणाऱ्या घरांत फक्त एलजीबीटी लोकांनाच जागा, असा नियम करता येत नाही, वय आणि उत्पन्नाची अट पाळणाऱ्या कुणालाही अर्ज करता येतो. काही कार्यकर्त्यांना हा अडथळा वाटतो, मला तो वाटत नाही. भेदभावाविरुद्धचा जो नियम आपण स्वतःसाठी मागतो, तो आपल्यालाही लागू व्हायलाच हवा. जागा सगळ्यांना खुली ठेवूनही घराचा स्वभाव ठरवता येतो: कर्मचारी कोण, तळमजल्यावर कुठली संस्था आहे, कोणते सण-समारंभ होतात, भिंतीवर कुणाचे फोटो आहेत. बोस्टनमधल्या एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत ‘द प्राइड’ नावाचं ७४ घरांचं संकुल २०२४मध्ये सुरू झालं. काम चालू असताना, २०२२मध्ये, कुणीतरी तिथे द्वेषाच्या आणि धमक्यांच्या घोषणा रंगवून गेलं. त्यानंतर पाठिंब्यासाठी जमले ते आसपासच्या वस्तीतले लोक. वसाहतीच्या कुंपणाबाहेरही पाठीराखे लागतात.

आता पैसा, आणि इथे मी सगळ्यांत आग्रही आहे. सुरुवातीच्या काही प्रकल्पांनी सुखवस्तू ग्राहक डोळ्यांसमोर ठेवला. सँटा फे शहरातलं ‘रेनबोव्हिजन’ २००६मध्ये मोठ्या अपेक्षेनं उघडलं आणि २०११मध्ये दिवाळखोरीत गेलं. याउलट परवडणारी घरं टिकून आहेत. फिलाडेल्फियात २०१४मध्ये बासष्ट वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी ५६ घरांची इमारत उभी राहिली. त्याच वर्षी शिकागोत एका जुन्या पोलीस ठाण्याच्या इमारतीला जोडून ७९ घरं झाली. ज्या शहराच्या पोलिसांनी साठच्या दशकात समलिंगींच्या बारवर धाडी घातल्या, तिथेच त्या पिढीतली माणसं पोलीस ठाण्याच्या जागी भाड्यानं राहायला आली. ब्रुकलिनमधल्या ‘स्टोनवॉल हाऊस’मध्ये १४५ घरं आहेत आणि त्यातली सुमारे पाव हिस्सा पूर्वी बेघर असलेल्या ज्येष्ठांसाठी आहेत. आयुष्यभर नोकऱ्या गमावलेल्या आणि एकमेकांचं निवृत्तिवेतन कायद्यानं नाकारलेल्या लोकांसाठी घर बांधायचं तर ते त्यांच्या खिशाला झेपायला हवं. नाहीतर ते फक्त नशीबवान समलिंगींचं घर होतं.

आणि नशीबवान कोण, हेही आपल्या आपल्यात बोललं पाहिजे. अशा घरांत पुरुषांचा आवाज मोठा असतो. लेस्बियन जोडप्यात दोन्ही मिळकती स्त्रियांच्या, म्हणजे दोन्ही कमी, आणि निवृत्तिवेतनही दोन्ही कमी. स्त्री आणि पुरुष दोघांकडेही ओढ असणाऱ्या उभयलिंगी (बायसेक्शुअल) व्यक्तींना तर समलिंगी रहिवासीही ‘नक्की ठरव’ म्हणून टोकतात. पारलिंगी रहिवाशाचं अंग पुसताना केअरटेकरच्या चेहऱ्यावर काय उमटतं, यावर त्या माणसाचा सगळा दिवस अवलंबून असतो, आणि दारावरचा सप्तरंगी झेंडा तिथे कामाला येत नाही. प्रशिक्षण एकदाचं उरकायचं नसतं. माणसं नोकरी सोडून जातात, नवी येतात, ते दरवर्षी नव्यानं द्यावं लागतं.

एक आक्षेप मात्र मला मान्यच करावा लागतो: ५६ घरं, ७९ घरं, म्हणजे समुद्रातला थेंब. बहुतेक एलजीबीटी ज्येष्ठ अशा वसाहतीत कधीच पोहोचणार नाहीत, आणि अनेकांना आपली गल्ली, आपली ओळखीची माणसं सोडायची इच्छाही नसते. म्हणून लंडनमधल्या ‘टॉनिक हाउसिंग’चा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. त्यांनी अख्खी इमारत बांधली नाही. थेम्सकाठच्या ८४ घरांच्या एका ज्येष्ठ संकुलातली १९ घरं महापौरांच्या निधीतून मिळालेल्या कर्जावर घेतली आणि २०२१मध्ये रहिवासी यायला लागले. नेदरलँड्समध्ये तर ‘रोझ लोपर’ म्हणजे गुलाबी पायघडी नावाची प्रमाणपत्र-पद्धत आहे. नेहमीची केअर होम्स आपल्या फॉर्मपासून रात्रपाळीपर्यंत सगळं तपासून घेतात आणि मगच ती खूण दारावर लावतात. वेगळ्या वसाहती आणि सुधारलेली सामान्य केअर होम्स यांत निवड करायची गरज नाही. वेगळी घरं हीच शाळा, तिथे शिकलेल्या गोष्टी बाकीच्यांनी उचलायच्या.

फिलिपिन्समधल्या मनिलातली गोष्ट मात्र प्रत्येक उत्साही संस्थापकानं ध्यानात ठेवावी. हुस्तो हुस्तो या नगरसेवकानं सत्तरच्या दशकात पासाय शहरातलं आपलं घर वृद्ध समलिंगींसाठी उघडलं. ‘गोल्डन गेज’ म्हणून ती मंडळी ओळखली जाऊ लागली. चाळीसेक वर्षं ती तिथे एकमेकांच्या आधारानं राहिली. २०१२मध्ये हुस्तो गेले, घर वारसांकडे गेलं आणि म्हाताऱ्यांना बाहेर पडावं लागलं. दातृत्वात काहीच उणं नव्हतं, फक्त जागा एका माणसाच्या नावावर होती. म्हणून वसाहतीची घटना, विश्वस्त, मालकीची कागदपत्रं आणि रहिवाशांचा मताधिकार ही कामं झेंडा लावण्याच्या आधीची आहेत.

माझ्या त्या ओळखीच्या गृहस्थांना सहा महिन्यांनी आम्ही दुसऱ्या घरात हलवलं. ते काही खास एलजीबीटींसाठीचं घर नव्हतं, तसं जवळपास मिळालंच नाही. पण निवडताना या वेळी आम्ही प्रश्न घेऊन गेलो होतो. खोली एकाच पलंगाची की दोन? जोडीदार रात्री थांबू शकतो का? निर्णय घ्यायची वेळ आली तर फोन आधी कुणाला जाणार, आणि ते लेखी देणार का? रहिवाशांपैकी कुणी टोमणा मारला तर कोण बोलणार? शेवटचा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. व्यवस्थापिका बाईंना त्यांनी विचारलं, रात्रपाळीला कोण असतं, त्यांना आत्ता भेटता येईल का? बाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, “आठ वाजता पाळी बदलते, तोवर बसा.” आम्ही तिघं व्हरांड्यात आठपर्यंत बसून राहिलो.